फॉलो मोड अरबीत नेताना : प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

फाईल आली. गोदामात माल वेचणाऱ्या माणसाच्या मागोमाग आपणहून चालणारी ट्रॉली आहे. बनवणारी कंपनी महाप्याच्या एमआयडीसीतली, गिऱ्हाईक सौदीतल्या दम्मामचं. हस्तपुस्तिका, पडद्यावरचा मजकूर आणि ट्रॉली तोंडाने बोलते ती वाक्यं, एवढं इंग्रजीतून अरबीत न्यायचंय. मार्च उजाडताच रमजान लागेल आणि तिकडचे कामाचे तास घटतील, म्हणून सगळं त्याआधी हवं. त्यांची सुट्टी शुक्र-शनि, आपली शनि-रवि. शंका विचारायला सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस.

फाईल एका बैठकीत वाचली. भाषा सोपी, वाक्यं छोटी, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर ‘फॉलो’. ट्रॉली ऑपरेटरला फॉलो करते. ऑपरेटर सूचना फॉलो करतो. गोदामात पिवळी पट्टी मारलेली असेल तर ट्रॉली ती फॉलो करते. बिघाड झाला तर सर्व्हिसवाल्यांकडे फॉलो-अप. दिवा लागतो, ‘फॉलोड बाय’ शिटी. आणि वर ‘फॉलोइंग’ पायऱ्या. इंग्रजीचं एका शब्दात भागतं. अरबीत भागणार नाही.

सवयीप्रमाणे आधी मराठीत करून पाहिलं. ट्रॉली माणसाच्या मागे चालते, सूचना पाळायच्या, पट्टी धरून जाते, पाठपुरावा करायचा, दिव्यापाठोपाठ शिटी, पुढील पायऱ्या. आपल्यालाही दर ठिकाणी वेगळा शब्द लागला. म्हणजे इंग्रजी वाक्य समोर ठेवून अरबी शोधण्यापेक्षा मराठी वाक्य समोर ठेवून शोधलेलं बरं. ऑफिसात हे कुणाला सांगत नाही, कारण लोकांना तो फेरा वाटतो.

एक गंमत तेवढी लिहून ठेवते. इंग्रजीचं ‘फॉलोइंग’ मागून येतं, आपलं ‘पुढील’ पुढे असतं, आणि अरबीत ‘अल-आतिया’ म्हणजे ‘येणाऱ्या’. तिघांचा निर्देश कागदावरच्या त्याच चार ओळींकडे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजचा दिवस एका धातूवर गेला: त, ब, ऐन. धातू म्हणजे ज्यांतून अरबी शब्द घडतात ती मूळ अक्षरं. ऐन घशातून काढायचा असतो, देवनागरीत तो नाही, म्हणून या नोंदींत त्याच्या जागी ‘अ’. अरबी कोशात क्रियापद ‘तो गेला’ अशा भूतकाळी रूपात सापडतं आणि एका धातूखाली त्याची ठरलेल्या साच्यांतली रूपं येतात. हान्स वेअरच्या अरबी-इंग्रजी कोशात ती रोमन आकड्यांनी दिलेली असतात, दहापर्यंत. सगळ्या धातूंना सगळी रूपं नसतात. या धातूचं घर मात्र भरलेलं आहे.

पहिलं तबिअ, म्हणजे मागे गेला. तिसरं ताबअ: काम पुढे चालू ठेवलं, लक्ष ठेवलं, पाठपुरावा केला. सोशल मीडियावर कुणाला ‘फॉलो’ करतात ते हेच, आणि फॉलोअर म्हणजे मुताबिअ. चौथं अत्बअ, एकामागे दुसरं लावलं. पाचवं ततब्बअ, माग काढला. मागवलेलं पार्सल कुठवर आलंय ते बघायच्या बटणावर याचंच नाम असतं, ततब्बुअ. सहावं तताबअ, एकापाठोपाठ आले. आठवं इत्तबअ: नियम, शिकवण, वाट अनुसरली. दहावं इस्ततबअ, एका गोष्टीने ओघाने दुसरी ओढून आणली. आपल्याकडे मासिकात ‘क्रमशः’ छापतात त्या जागी अरबीत याच धातूचं ‘युत्बअ’.

कागदावर सुबक दिसतं. अडचण अशी की अरबीत ऱ्हस्व स्वर छापत नाहीत आणि अक्षर दुप्पट झाल्याची खूण, शद्दा, बहुतेक जण गाळतात. पडद्यावर अलिफ-ता-बा-ऐन अशी चार अक्षरं आली तर ती ‘इत्बअ’ वाचावी, म्हणजे मागे ये, की ‘इत्तबिअ’, म्हणजे पाळ? सूचनेच्या पूर्ण वाक्यात संदर्भ सांभाळून घेतो. एकट्या बटणावर संदर्भ कुठला? ता-ता-बा-ऐन तर आणखी वाईट: ‘ती मागे येते’, ‘ती पाळते’, ‘माग काढणं’, तिन्ही वाचता येतात. आणि आमच्या फाईलमधलं सगळ्यात मोठं बटण एका शब्दाचं आहे. ‘फॉलो’.

या धातूबाहेरचे शब्दही काढून पाहिले. तारद म्हणजे पाठलाग, पोलीस चोराचा करतात तो. लाहक म्हणजे पिच्छा पुरवणं, आणि त्याचं नाम मुलाहका कोर्टकचेरीच्या बातम्यांत खटला भरण्यासाठी येतं. इक्तफा म्हणजे पावलांच्या ठशांवरून माग काढणं, वाळवंटात ठीक. तअक्कब ‘अकिब’वरून, म्हणजे टाचेवरून आलेला. टाचेला टाच लावून मागे लागणं. ट्रॉली खरोखर तसंच करते, पण या शब्दात संशयित आणि हेर वावरतात. चौघांवर काट मारली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

महाप्याला जाऊन ट्रॉली पाहिली. जाण्यामागचं कारण एक वाक्य: ट्रॉलीसमोर उभे राहा आणि बीप ऐकू येईपर्यंत ‘बॅक अवे’.

‘बॅक अवे’ला अरबी इशाऱ्यांत हमखास ‘इब्तइद अन’ लिहितात, म्हणजे ‘पासून लांब हो’. मीही कच्च्या मसुद्यात तेच टाकलं होतं, शेजारी प्रश्नचिन्ह काढून. लांब व्हायचंय हे त्यात आलं, कसं ते आलं नाही. धोक्याच्या पाटीवर कसं याला महत्त्व नसतं. माणूस पाठ फिरवून पळाला तरी चालतं.

इंजिनिअर मुलाने कमरेला पट्टा बांधला. पट्ट्याच्या बकलावर काळा-पांढरा चौकोन. ट्रॉली कमरेइतकी उंच, पुढच्या दांड्यावर कॅमेरा. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तोंड तिच्याकडे ठेवून एक-एक पाऊल मागे सरू लागला. चारेक पावलांवर बीप. मग वळला आणि सरळ चालत सुटला, ती मागोमाग. मी विचारलं, आधीच वळलं तर? त्याने करून दाखवलं. वळला, चालू लागला, ट्रॉली जागची हलली नाही.

“ओळख पटेपर्यंत बकल दिसायला पाहिजे मॅडम. एकदा ओळख पटली की मग जाकिटावरून ओळखते.”

तर इथे ‘कसं’ हाच मुद्दा आहे. ‘बॅक’ हा एवढासा शब्द ती सगळी रीत पोटात घेऊन बसलाय. अरबीत वाक्य सोडवून लिहिलं: किफ मुवाजिहन लिल-अरबा, सुम्म तराजअ बि-बुत्इन दून अन तस्तदीर. ट्रॉलीकडे तोंड करून उभे राहा, मग न वळता हळू मागे सरा. इंग्रजीपेक्षा लांब झालं. पडद्यावर दोन ओळी लागतील, लागू देत.

दाखवणं चालू असताना चहावाला किटली घेऊन मधून गेला. ट्रॉली थबकली आणि इंग्रजीत म्हणाली, “ऑपरेटर लॉस्ट.” हे वाक्यही माझ्याच पदरात आहे. ‘हरवला’ला सरळ शब्द फुकिद, पण त्याच धातूचं फकीद अरबी वर्तमानपत्रांत कैलासवासी माणसासाठी छापतात. ‘ऑपरेटर दिसत नाही’ असं करणार.

कोपरखैरण्यापर्यंत रिक्षा, तिथून ट्रेन. ट्रेनमध्येच तराजअ आणि तकह्हकर यांच्यात तुलना करून टाकली. दुसरा शब्द जास्त नेमका आहे, तोंड न फिरवता मागे सरणं असाच त्याचा अर्थ. पण तो सैन्याच्या पीछेहाटीचा वाटतो आणि गोदामातला माणूस वाचताना अडखळेल. तराजअ ठेवला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दम्माम बंद. शब्दसूची साफ केली.

सोमवार, १० फेब्रुवारी

हालचालीच्या क्रियापदांचा ढीग उपसला.

इंग्रजीची खोड अशी की क्रियापदात चालण्याची तऱ्हा भरते आणि दिशा मागच्या लहानशा शब्दावर सोडते. रन अक्रॉस, रोल डाउन, क्रीप इन, पुल आउट. अरबी उलट चालते. दिशा क्रियापदातच: दखल आत गेला, खरज बाहेर पडला, सइद चढला, नजल उतरला, अबर ओलांडून गेला. तऱ्हा सांगायची असेल तर ती मागून जोडायची, नाहीतर सोडून द्यायची. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची याच धर्तीवर वाटणी केली, इंग्रजी एका गटात, अरबी दुसऱ्या. मराठीचं पारडं मला अरबीच्या बाजूला झुकलेलं दिसतं. आपण ‘रस्ता धावत ओलांडू नका’ म्हणतो. ओलांडणं मुख्य, धावणं ‘-त’ लावून बाजूला. अरबीतही तेच: ला तअबुर अल-ममर्र राकिदन. त्या ‘राकिदन’ला व्याकरणात हाल म्हणतात, म्हणजे कर्त्याची त्या वेळची स्थिती. आपल्या ‘हाल’ आणि ‘हालहवाल’मधला हाल तोच. ‘धावत’, ‘सरपटत’, ‘लंगडत’ यांच्या जागी हाल बसवायचा आणि पुढे जायचं. काम भरभर होतं. इंग्रजीवरून थेट केलं की वाक्य ‘तो धावला पलीकडे’ असं काहीतरी होऊन बसतं आणि तपासणारा लाल करतो.

रॅम्पवरचं ‘रोल डाउन’ दोनदा आलंय, दोन्हीकडे अर्थ वेगळा. एके ठिकाणी ट्रॉली नीट, ब्रेक लावत उतरते, तिथे नुसतं तन्जिल. चाकं गोल आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे. दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बंद असताना ती आपोआप घरंगळू शकते असा इशारा आहे. तिथे तऱ्हा हाच धोका, म्हणून ततदहरज, गडगडत जाते. शब्द उच्चारतानाच गडगडल्यासारखा वाटतो.

‘रन’ने तर उच्छाद मांडलाय. ट्रॉली बॅटरीवर ‘रन’ होते, तिथे तअमल, काम करते. अडथळ्यात ‘रन इन्टू’, तिथे तस्तदिम, आदळते. बॅटरी ‘रन आउट’ झाली, तिथे नफिद, संपली. या शेवटच्यात मेख आहे. नफिदमधल्या दाल अक्षरावर एक ठिपका पडला की अर्थ ‘आरपार गेली’ असा होतो. ही चूक अरबी लिहिणारेही सर्रास करतात आणि स्पेलचेकर गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरे. शोधयादीत टाकलं, फाईल पाठवण्याआधी पुन्हा बघायचं.

‘ब्रिंग’ला आधुनिक मजकुरात अहदर चालतं, तेच वापरलं. पण जुनं जाअ बि मला जास्त आवडतं, शब्दशः ‘सोबत आला’ म्हणजे ‘आणलं’. आपलं ‘घेऊन ये’ त्याच्या फार लांब नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुंब्र्याला चाचांकडे. मूळचे श्रीवर्धनकडचे, उमेदीची वर्षं कुवेतच्या बंदरावर काढलेली. माझी अरबी विद्यापीठातली, पुस्तकी. त्यांची धक्क्यावरची. आवाजी वाक्यं रेकॉर्ड करण्याआधी मी त्यांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात आणि जिथे खटकेल तिथे एक डोळा उघडतात.

‘इत्तबिअ’वर डोळा उघडला. “बाय, ह्यो शब्द लय मोठा झाला.” इत्तिबाअ म्हटलं की त्यांना सुन्नत आठवते, पैगंबरांच्या वाटेने चालणं. सूचना ‘पाळण्या’ला तो चालतो, ट्रॉलीने माणसाच्या मागे येण्याला नको. कोशात हा तोल लिहिलेला नसतो.

धक्क्यावर काय म्हणत होते? “तआल वराय.” ये माझ्या मागे. पण ते आखाती देशांतलं बोलणं. दम्मामच्या गोदामात इजिप्तचे, सुदानचे, येमेनचे असतील, आपल्याकडचेही असतील. सगळ्यांना कळेल अशी छापील अरबीच ठेवायची हे आधीच ठरलंय.

‘कॅच अप’वर बराच वेळ गेला. ऑपरेटर पुढे निघून गेला की ट्रॉली थांबून म्हणते, तुम्हाला गाठते आहे. शब्द लहिक, त्यात शंका नाही. पण चाचांनी एक गोष्ट सांगितली. बंदरावर त्यांच्या हाताखाली एक इजिप्शियन होता. तो एकदा “इल्हऊनी!” असं ओरडला तेव्हा इतर सगळे बोटीचं काम टाकून धावले. लहिकचंच आज्ञार्थी रूप, इजिप्तच्या बोलीत शेवटचं अक्षर काफ गिळलेलं. शब्दशः ‘मला गाठा’, अर्थ ‘वाचवा!’. तेव्हा ट्रॉलीच्या तोंडी या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप कुठेही येता कामा नये. ‘मी येते आहे’वर भागवू.

‘लॅग’चंही तसंच. मागे पडलेल्या ट्रॉलीला मुतखल्लिफा म्हणता येईल, व्याकरण ठीक. पण मुतखल्लिफ ही रोजच्या बोलण्यातली शिवी आहे, मंदबुद्धी या अर्थाची. मुतअख्खिरा घेतला, म्हणजे उशीर झालेली.

चाचींनी सांदण दिलं. परत येताना ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

‘मूव्ह’ आणि ‘स्टॉप’. इंग्रजीत वस्तू स्वतः हलली तरी मूव्ह, कुणी हलवली तरी मूव्ह. आपल्याला हलणे-हलवणे, थांबणे-थांबवणे हा फरक पाळल्याशिवाय बोलताच येत नाही. अरबीलाही नाही: तहर्रक हलला, हर्रक हलवला. तवक्कफ थांबला, औकफ थांबवला. नामं अनुक्रमे तवक्कुफ आणि ईकाफ. ट्रॉली थांबल्याची सूचना तवक्कुफ, तिला थांबवण्याचं लाल बटण ईकाफ. इंग्रजी फाईलमध्ये दोन्हीकडे नुसतं ‘स्टॉप’ आहे आणि स्क्रीनशॉट नाही. कुठलं कुठे ते विचारणारी मेल कंपनीला पाठवली.

रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीवर अरब देशांत ‘किफ’ लिहितात. आमच्या मजकुरात मात्र ‘किफ’ म्हणजे ‘उभा राहा’ असाही आहे, महाप्याच्या त्या वाक्यातला. एकाच पडद्यावर दोन्ही नकोत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दम्मामकडचा तपासनीस इजिप्शियन, बारकाईने वाचणारा. त्याची पहिली हरकत: ट्रॉलीला ‘अरबा’ म्हटलंय, अरबा स्त्रीलिंगी. मोडचं नाव मात्र ‘इत्बअ्नी’, माझ्या मागे ये, हे पुरुषाला उद्देशून. ड्रोनवाल्यांकडून मी ते नाव उचललं होतं. तिकडे फॉलो-मी मोडला सर्रास असंच म्हणतात आणि कुणी लिंग बघत नाही. इथे अरबाला उद्देशून ‘इत्बईनी’ हवं. मशीनला बाई म्हणून हाक मारायची की तिचं नाव बदलून ‘रोबोत’ करायचं, जो पुल्लिंगी आहे? रोबोत केलं तर हस्तपुस्तिकेतली सगळी क्रियापदं बदलणार. आपल्याकडे हे समजायला सोपं आहे, गाडी येते आणि रोबो येतो.

दुसरी हरकत माणसाच्या बाजूने. ट्रॉली म्हणते ‘मी तुमच्या मागे येते आहे’: अत्बउक. पुरुषाला म्हटलं तर अत्बउक, शेवटी ‘अ’ पूर्ण उच्चारलेला, बाईला अत्बउकि. लिहिताना अक्षरं तीच, बोलताना वेगळी. त्यांच्या गोदामात बायकाही कामाला आहेत. मराठीतलं ‘तुम्ही’ अरबीत नाही, आदरार्थी अनेकवचनाने झाकून टाकायची सोय रोजच्या सूचनांत चालत नाही.

दोन्हीवर तोडगा एकच निघाला, क्रियापद बाजूला ठेवून नाम वापरणं. मोडचं नाव ‘वद्उ अत्-ततब्बुअ’, आणि छापताना ‘ब’वर शद्दा ठळक द्यायचा, म्हणजे ‘ती मागे येते’ असं कुणी वाचणार नाही. माग काढण्याचा वास या शब्दाला आहे, पण पट्टी धरून चालणाऱ्या रोबोंना तांत्रिक अरबीत ततब्बुअच रुळलाय, पार्सलांनाही तोच. शब्द घासून गुळगुळीत झालाय, हेर उरला नाही त्यात. आवाजी वाक्य: ‘जारिन अत्-ततब्बुअ’. मागे येणं चालू आहे. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, काही सांगायची गरज नाही. संगणकावर काही लोड होताना अरबीत हाच साचा येतो, लोकांच्या नजरेला सवय आहे.

तपासनिसाने लिहिलं, मान्य. शिवाय ‘जारी’ असं लांब ‘ई’ने लिहू नका, तनवीनने, म्हणजे शेवटी ‘न’चा उच्चार देणाऱ्या खुणेने, ‘जारिन’ लिहा. माहीत होतं, पण तो सांगणारच होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. नेरूळमध्ये सकाळपासून ढोल.

परवापासून तो ‘जारी’ डोक्यात आहे. आपल्या सरकारी मराठीतला ‘आदेश जारी’ हा तोच अरबी शब्द, वाहणारा, धावणारा. मग एकेक आठवत गेले. कामावर रुजू होतो तो रुजू म्हणजे परतणं. दाखल म्हणजे आत शिरलेला, खारीज म्हणजे बाहेर पडलेला. वसूल म्हणजे पोचणं. थकबाकी वसूल झाली म्हणजे पैसे पोचले, आणि अरबीत पावतीला आजही याच धातूचा ईसाल. नक्कल म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं. आपल्या कचेरीतले हे कागदी शब्द अरबीत हातपाय असलेले, चालणारे-फिरणारे आहेत. आणि ताबेदार! त-ब-ऐनच. ताबिअ म्हणजे मागे चालणारा. पंधरा दिवस ज्या धातूशी झटतेय तो तहसील कचेरीत ‘ताबा पावती’ म्हणून कधीचा बसलाय.

राजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असे फारसी-अरबी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द आणण्यासाठी. अमात्य, सचिव, सेनापती टिकले. दाखल-खारीज मात्र हलले नाहीत.

कामाच्या दृष्टीने या नात्याचा उपयोग बेताचा. उलट ‘वसूल’ मराठी कानाने वाचलं की घोटाळा. ‘ट्रॉलीचा वुसूल’ म्हणजे ट्रॉली पोचली, तिच्याकडून कुणी काही वसूल केलेलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज शब्द नाहीत, बाण.

अरबी उजवीकडून डावीकडे, म्हणून पडदाही आरशातल्यासारखा उलटतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२पासून आहे. ‘पुढचं पान’चा बाण अरबीत डावीकडे बघतो, ते बरोबर. पण ट्रॉलीच्या पडद्यावर हाताने चालवण्यासाठी चार बाणांची चौकट आहे. इंजिनिअरने सगळी चित्रं एकत्र उलटण्याच्या यादीत टाकली होती. परिणाम: डावीकडचा बाण उजवीकडे, पण दाबल्यावर ट्रॉली जुन्याच बाजूला. फोनवर त्याला म्हटलं, वाचण्याची दिशा उलटते, गोदाम उलटत नाही. संध्याकाळपर्यंत ते बाण यादीतून काढले.

‘बॅक’ही दोन आहेत. मागच्या पानावर जाण्याचं बटण रुजूअ. ट्रॉली मागे घेण्याचं इला-ल-खल्फ, पाठीच्या दिशेने. इंग्रजीत दोन्हीकडे तीच चार अक्षरं, आणि भाषांतराच्या सॉफ्टवेअरने एकदा भरलेलं दुसरीकडे आपोआप भरलं होतं. ही आपोआप भरण्याची सोय चालीच्या क्रियापदांसाठी बंद केली. ज्याने ती चालू ठेवण्याचा आग्रह धरला होता त्याला रोज संध्याकाळी काय बंद केलं त्याची यादी पाठवते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वाशीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. आवाज एका जॉर्डनच्या मुलीचा, इथे शिकायला आलेली. स्वच्छ, कोरडा उच्चार, ट्रॉलीला शोभणारा.

एक वाक्य अजून ‘तुमच्या’शिवाय होत नव्हतं, ‘मी तुमच्यासोबत आहे’. तिने वाक्याच्या शेवटी थांबून ‘मअक’ म्हटलं, शेवटचा स्वर सोडून. अरबीत वाक्य जिथे टेकतं तिथे ऱ्हस्व स्वर गळतो, हा नियमच आहे. ‘मअका’ आणि ‘मअकि’ दोन्ही थांबताना ‘मअक’ होतात. कुराण पठणातही आयतीच्या शेवटी असंच थांबतात. तेवढ्याने लिंगाचा प्रश्न मिटला, पण पुढे एकही शब्द येऊ द्यायचा नाही, नाहीतर स्वर परत येतो. ते वाक्य फाईलमध्ये शेवटी पूर्णविराम लावून वेगळं बांधलं, म्हणजे उद्या कुणी त्याला पुढचं वाक्य चिकटवणार नाही.

‘ततब्बुअ’मधला ऐन शेवटी आहे. माइकवर तो नीट यावा म्हणून बरीच खटपट झाली. स्टुडिओवाल्या दादांना वाटलं तिचा घसा बसलाय, ते कोमट पाणी घेऊन आले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तपासनिसाकडून शेवटची फाईल. नफिदचे ठिपके ठीक. ‘पुढील पायऱ्या’साठी मी ‘अत्-तालिया’ घातलं होतं, त्याने सगळीकडे ‘अल-आतिया’ केलं. हा अरबी संपादकांचा जुना वाद. तला म्हणजे मागून येणं, काहींच्या मते ते जे आधीच मागे आलंय त्याला शोभतं, जे यायचंय त्याला ‘येणारं’च म्हणावं. बाकी जग ‘तालिया’ बिनदिक्कत वापरतं, पडद्यावरच्या ‘नेक्स्ट’ बटणावरही ‘अत्-ताली’च असतं. हस्तपुस्तिकेत त्याचं राहू दिलं. बटणावर ‘अत्-ताली’ ठेवा एवढं म्हटलं, तो हो म्हणाला.

फाईल बांधून पाठवली, शब्दसूची सोबत. तिच्यात ‘फॉलो’ एकदा नाही, कामानुसार वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येक ओळीला एक नमुना वाक्य.

दुपारी महाप्याहून फोन. पुढच्या आवृत्तीत ट्रॉली पुढे चालणार आणि माणूस तिच्या मागे, नाव ‘लीड मोड’. अरबी शब्द सुचवा म्हणाले. काद हे क्रियापद नेतृत्व करण्यालाही आणि गाडी चालवण्यालाही, म्हणून ‘वद्उल-कियादा’ लिहिलं तर ऑपरेटर ‘ड्रायव्हिंग मोड’ वाचून ट्रॉलीवर चढायचा. तात्पुरतं ‘तसीर अमामक’ लिहून दिलंय, तुझ्यापुढे चालते. त्यातला ‘क’ पुन्हा पुरुषाचा की बाईचा हे सोमवारी बघायचं.